सुट्या नाण्यांची रांग

चिखलाने माखलेली अर्धी नोट काउंटरवर ठेवून तो हसला, तेव्हाच नेस्टला त्याचा राग आला.

"उरलेली अर्धी?"

"कुत्र्यानं खाल्ली."

"मग पैसे त्याच्याकडेच मागा."

"मागितले. म्हणाला, बँकेत विचार."

नेस्टने कसंबसं हसू दाबलं. पुग घराण्याची बँक म्हणजे त्यांच्याच कापडदुकानाच्या कोपऱ्यातलं एक काउंटर. बँकेने काढलेल्या प्रत्येक नोटेवर नेस्टच्या वडिलांची सही असे. त्याने आणलेल्या अर्ध्या तुकड्यावर ती शाबूत होती, म्हणून तिने नवी नोट दिली… आणि पीडा मागे लावून घेतली.

हा हाउएल गुरांचे कळप थेट लंडनच्या बाजारापर्यंत हाकत न्यायचा. गावात असला की दर बाजाराला हजर! कधी बंद्याचे सुटे करायला, कधी सुट्यांचे बंदे. भिजलेली टोपी हातात फिरवत "मी काय म्हणत होतो —" अशी सुरुवात करायचा, आणि गाडी हवापाण्यावर येऊन अडायची. असे आठ महिने! नेस्टचं डोकं उठायचं. बोलायचं तर बोलावं ना माणसानं! पण एखाद्या बाजाराला तो आला नाही, तर ती त्याहून जास्त चिडायची.

ऑक्टोबरात शेजारच्या गावातली बँक बुडाली. पुगांचीही बुडणार, अशी आवई उठली. वडील तातडीने हेरफर्डच्या मोठ्या बँकेतून सोनं आणायला गेले. परतायला शनिवारची दुपार होणार होती. शनिवारी सकाळी नेस्टने दार उघडलं, तर नोटांच्या बदल्यात नाणी मागणाऱ्या माणसांची रांग चॅपलपर्यंत. पेटीत जेमतेम शंभर पौंड. आणि रांगेत सर्वांत पुढे — हाउएल!

"तुम्हीसुद्धा?" तिने विचारलं.

"वीस पौंड," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "सगळे सहा-सहा पेन्सांच्या नाण्यांत द्या."

आठशे नाणी! दात-ओठ खात तिने ती मोजून दिली. त्याने पुन्हा मोजायला घेतली. तीनशेवर शिंकला, विसरला, पुन्हा एकपासून.

"अरे, शाळेत गेला होतास की नाही?" मागून लोणीवाली मार्गेड ओरडली.

"गेलो होतो मावशी. शंभरपर्यंतच शिकवलं."

"लवकर आटपा!" नेस्ट किंचाळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"हे नाणं झिजलंय. बदलून द्या."

अकरा वाजले, बारा वाजले. एक वाजता घोडागाडी खडखडत दाराशी थांबली आणि वडिलांनी दोन गड्यांच्या मदतीने जड पेटी आत आणली. सोनं दिसताच अर्धी रांग ओशाळून पांगली. हाउएलने आठशेच्या आठशे नाणी तिच्याकडे परत सरकवली.

"जमा करा."

नेस्टला आत्ता उमगलं. "म्हणजे मुद्दाम वेळ काढत होतात…? पहाटेपासून पायरीवर…? अहो, मला सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर तुम्ही इतक्या मनापासून चिडला नसतात. लोकांना संशय आला असता." त्याने टोपी काढली. "नेस्ट, मी काय म्हणत होतो… म्हणजे… आज हवा जरा —"

"हो!"

"हवा?"

"हवा नव्हे, मेल्या! माझं उत्तर 'हो' आहे. आता विचार तरी!"

"विचार रे बाबा," मार्गेड कळवळून म्हणाली, "पाय दुखले आमचे!"

कानापर्यंत लाल होत, भर बाजाराच्या दिवशी, वडिलांसमोर, हाउएलने एकदाचं विचारलं.