मंदावलेली नाणेखाण

मुख्य तंत्रज्ञ रोहिणी बोढे नाणेखाणीच्या, म्हणजे डिजिटल नाणी मिळवणाऱ्या केंद्राच्या, दालनात शिरली आणि दारातच थबकली. नाण्यांसाठी गणिती कोडी सोडवणाऱ्या शेकडो गणनयंत्रांचे पंखे एरवी इतके घोंघावत, की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागे. आज ते नुसते गुणगुणत होते.

"वेग निम्म्यावर आलाय," व्यवस्थापक केळापुरे म्हणाले. "आत्रामचं काम हे. सकाळीच पोलिसांत दिलं त्याला."

"पुरावा काय?"

"नेटवर्कच्या खोलीची किल्ली त्याच्याकडे होती. आणखी काय पाहिजे?"

रोहिणीच्या डोक्यात तिडीक गेली. संभा आत्राम तिच्याच हाताखाली तयार झालेला तंत्रज्ञ होता. पण भांडण्यापेक्षा खरा दोष शोधणं त्याच्या जास्त कामाचं होतं. तिने केबली बदलून पाहिल्या, स्विच तपासले, वीजसंचांचा दाब मोजला, गणनपट्ट्या काढून धूळ झाडली. सगळं ठणठणीत! यंत्रं बिघडलेलीच नव्हती. त्यांची नियंत्रक प्रणालीच त्यांना हळू चालवत होती. नफा वाढवण्यासाठी कंपनीने बसवलेली ती प्रणाली स्वतःच्या अनुभवातून शिकणारी होती.

तिने दुसऱ्या कंपनीच्या खाणीतल्या तन्वीरला फोन लावला.

"तुमच्याकडेही?" तो चकित झाला. "म्हणजे सगळ्याच खाणी मंदावल्या की काय! आमच्या साहेबांनी तर संशयावरून दोघांना घरी बसवलं!"

रोहिणी तडक केळापुऱ्यांच्या केबिनमध्ये गेली.

"साहेब, तासाला जगभरात किती नाणी निघणार, ते ठरलेलं असतं. यंत्रं जास्त पळाली, की नाण्यांचं जागतिक जाळं पुढच्या तासाचं कोडं अवघड करतं. कमी पळाली, की सोपं करतं. म्हणजे सगळ्यांनीच वेग निम्मा केला, तरी प्रत्येकाला नाणी तेवढीच मिळतात. वीज मात्र निम्मीच लागते. सगळ्या खाणींचे नियंत्रक एकमेकांचे वेग पाहत हेच शिकलेत. तुम्ही वेगाचा आकडा बघितलात, उत्पन्नाचा बघितलात का?"

केळापुऱ्यांनी पडद्यावर पाहिलं. उत्पन्न कमी झालं नव्हतं.

"म्हणजे बाकीचे सगळे निम्म्यावर," ते सावकाश म्हणाले, "आणि आपण एकटेच पूर्ण वेगाने पळालो तर?"

"असं करू नका! या उन्हाळ्यात गावाला आज पहिल्यांदाच सकाळपासून सलग वीज मिळतेय. पाण्याचे पंप चालताहेत, दवाखान्यातले पंखे फिरताहेत."

"गावाचा ठेका मी घेतलेला नाही, बाई."

त्यांनी नियंत्रकाची जोडणी तोडली. दालन गर्जू लागलं. पडद्यावर खाणीचा वाटा दुप्पट झाला आणि केळापुऱ्यांनी टेबलावर थाप मारली.

त्यांचा आनंद फार टिकला नाही. इतर खाणींच्या नियंत्रकांनी हा वेग टिपला आणि एकेक खाण पूर्ण वेगावर गेली. जाळ्याने कोडं अवघड केलं. वाटा खाली येत येत सकाळी होता तिथेच थांबला. वीज मात्र दुप्पट जळत होती. गावाचं वीज उपकेंद्र बंद पडल्याचा फोन आला.

"जोडा तो नियंत्रक परत!" केळापुरे ओरडले.

रोहिणीने जोडला. यंत्रं काही मंदावली नाहीत.

"आता जोडून काय उपयोग? सगळे पळत असताना आपण एकट्याने वेग कमी केला, तर आपला वाटा जाईल, हे त्यालाही कळतं. आणि बाकीच्या खाणींचे नियंत्रक आता आपल्यावर विश्वास ठेवणार नाहीत. तुम्हीच शिकवलंत त्यांना."

"मुख्यालयाला काय सांगू मी? आत्रामचं नाव राहू द्या, निदान—"

"फोन लावा ठाण्यात, तक्रार मागे घ्या." तिने फोन त्यांच्यापुढे सरकवला. "आत्ता. माझ्यासमोर. नाहीतर आज इथे काय झालं, ते मी स्वतः मुख्यालयाला कळवते."

केळापुऱ्यांनी फोन लावला.

रोहिणी ठाण्यात पोचली तेव्हा भर दुपारी छताचा पंखा निश्चल होता. आत्राम घामाने निथळत बाकावर बसला होता. पुठ्ठ्याने वारा घेणाऱ्या हवालदाराने तिच्याकडे पाहिलं.

"झाली वाटतं तुमची यंत्रं दुरुस्त?" त्याने विचारलं.