रुसूबाई

"छत्री बाहेर! आधी बाहेर!"

तळघरातल्या लॅबचं दार मी चुकून उघडलं होतं. समोर यंत्रांच्या मांडण्या, तारांचं जंजाळ, आणि त्यात गुडघे टेकून बसलेला तो. माझी छत्री ठिबकत होती. मी दचकून मागे सरकले, दार धाडकन लागलं... आणि त्याच्यासमोरचा हिरवा दिवा विझला.

"झालं. रुसली," तो म्हणाला.

"कोण?"

"ही निळी केबल. रुसूबाई. दार आपटलं की कनेक्शन तोडते, मग मनात आलं की जोडते."

"मग फेकून द्या ना!"

"का? लोकांच्या घरी काय सगळ्याच केबल शहाण्या असतात?"

मला हसू आलं. त्याला नाही.

मी वरच्या मजल्यावरची. माझं अख्खं नेटवर्क कॉम्प्युटरच्या पोटात, एकही यंत्र खरं नाही. तिथे तेवढंच बिघडतं, जेवढं मी बिघडायला सांगते. नवं सॉफ्टवेअर तपासायला माझं हे खोटं नेटवर्क पुरेसं आहे, की त्याची खरी यंत्रंही हवीत, ते साहेब ठरवणार होते. दोन्हींचे निकाल जुळले तर लॅब बंद. नाही जुळले तर मी घरी.

आली का पंचाईत! तरी मी रोज काहीतरी निमित्त काढून खाली जायची. दार अगदी हळू लावायची.

"ढगातल्या बाई आल्या," तो म्हणायचा.

"आले, तारवाले. रुसूबाई काय म्हणतेय?"

"तुम्ही आलात की खुशीत असते..." आणि मान खाली. कान मात्र लाल.

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही. मनातल्या मनात तर मी त्याला सांगूनही टाकलं होतं — कितीदा तरी! दर वेळी तो 'हो' म्हणायचा. मनातलाच तो, दुसरं काय म्हणणार?

तपासणीच्या दिवशी साहेबांची ये-जा सुरू होती. दार सारखं आपटत होतं. हिरवा दिवा एकदाही विझला नाही. निकाल तंतोतंत जुळले. साहेबांनी मला शाबासकी दिली आणि लॅब बंद केली.

यंत्रं ट्रकमधून गेली, त्या संध्याकाळी मी खाली गेले. खोली उघडीबोडकी. तो सामान आवरत होता; त्याच्या पिशवीतून एक ओळखीची निळी केबल डोकावत होती.

"ही... तपासणीला लावलीच नव्हतीस?"

"चांगली लावली."

"का?"

"तुझं काम गेलं असतं."

"आणि तुझं?"

"दादाच्या दुकानात बसेन. उद्या निघतोय."

मला रडू आलं, आणि संतापही. "मला विचारायचं तरी! मी साहेबांना खरं सांगणार आहे."

"सांग. पण ट्रक गेला गं."

झरोक्यातून पावसाचा आवाज येत होता. मग मी बोललेच.

"मला तू आवडतोस."

तो पिशवीचा बंद उगाच सोडून पुन्हा बांधू लागला. मनात मी इतकी तालीम केली होती, पण हा पिशवीचा बंद त्यात कुठेच नव्हता.

"मलाही," तो कसाबसा म्हणाला. "पण आत्ता नको... असा हरलेला तुझ्यासमोर नाही उभं राहवत."

त्याने रुसूबाई माझ्या हातात दिली. बोटं क्षणभर तिथेच राहिली.

"हिला सांभाळ. परत जोडते ती."

"कधी?"

"ते कुठे सांगते!"

त्याने पिशवी खांद्याला लावली. जाताना दार अगदी हळू लावलं.