दुसरी डिस्क : तयार

भुताच्या गोष्टीला अमावस्येची रात्र लागते म्हणतात. ही गोष्ट भरदुपारची आहे. मे महिना, २००६. मारेगावच्या बसस्टँडमागची पत्र्याची एक खोली. मी स्वतः तिथे नव्हतो. पण ज्याच्यासोबत हे घडलं तो अब्रार माझा मावसभाऊ आहे, आणि थापा मारण्यात तो लहानपणापासून कच्चा. थाप मारली की त्याचे कान लाल होतात.

हे सांगताना त्याचे कान लाल झाले नव्हते.

अब्रार त्या खोलीत कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. शेजारी हबीबचाचांचं शिलाईचं दुकान. मध्ये फक्त एक पत्रा. इकडे शिंकलं की तिकडून दुवा यायची.

कॉम्प्युटर सुरू होताना काळ्या पडद्यावर पांढऱ्या इंग्रजी ओळी पळतात, त्या तुम्ही पाहिल्या असतील. त्यात बरेचदा एक ओळ यायची : डिस्क उत्तर देत नाही. गिऱ्हाईक घाबरायचं. अब्रार हसायचा.

"लक्ष देऊ नका. डब्यात डिस्क एकच असते. हा येडा दुसरी शोधते, भेटत नाही, म्हून बोंबलते. खोटं बोलून राह्यला तो."

शंभरात नव्याण्णव वेळा ते बरोबरच असायचं.

उरलेली एक वेळ राखीची होती.

राखी जवळच्या बंजारा तांड्यावरची. मारेगावात कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. आदल्या सालात कापसाचे हाल कुत्रं खात नव्हतं. पोरांनी क्लास सोडले, क्लासला कुलूप लागलं. मालकानं जाताना तिला एक जुना कॉम्प्युटर देऊन टाकला. तो तिनं तांड्यावर नेला. पावसाळ्यात ती अब्रारकडे आली.

"अब्रारभाऊ, डिस्क उत्तर देत नाही असं येऊन राह्यलं."

पहिली की दुसरी, एवढंच त्यानं विचारायचं होतं. त्यानं विचारलं नाही.

"लक्ष देऊ नको," तो म्हणाला.

तीही हसली आणि गेली. दिवाळीनंतर तिचं लग्न होतं. दिवाळीच्या आधीच ताप डोक्यात गेला. यवतमाळला नेता नेता वाटेतच ती संपली.

आणि मे महिन्यात तिची आई, रुपीबाई, ऑटोतून तो कॉम्प्युटर घेऊन आली. गोधडीत गुंडाळून. मांडीवर धरून.

"याच्यात माह्या राखीचा आवाज हाये, बापू."

"कसला आवाज, मावशी?"

"ढावलो शिकवत होती मी तिले. आमच्यात लग्न झाल्यावर पोरगी घरून निघते तवा रडत म्हणते, तो. मी एक ओळ म्हणो, ती माह्या मांगं म्हणे. अन् याच्यात भरून ठेवे. शेवटची ओळ तिले जमतच नव्हती. तिथं आली का अडके अन् हासे."

ती रडली नाही. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"फोटो हाये तिचा. आवाज दुसरीकडं कुठंच नाही. तेवढा काढून दे."

लाईट दोन वाजता आली होती. चारला जाणार होती. अब्रारनं बटण दाबलं.

कट... कट... कट...

हा आवाज त्या धंद्यातल्या माणसाला झोपेतही कळतो. डिस्क मेली होती. आतला काटा जागच्या जागी आपटत होता.

पडद्यावर ओळी पळाल्या. त्या दिवशी त्यानं त्या पहिल्यांदा नीट वाचल्या.

पहिली डिस्क : उत्तर देत नाही.

पहिली.

राखीनं पावसाळ्यात हीच ओळ पाहिली होती. तेव्हा डिस्क मरायला टेकली होती, मेली नव्हती. तेव्हा त्यातलं सगळं दुसरीकडे उतरवून घेणं तासाभराचं काम होतं. अब्रारला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. आतून सगळं बधिर झालं होतं.

मग खालची ओळ आली...

दुसरी डिस्क : तयार.

त्यानं डबा उघडला. आत डिस्क एकच. दुसऱ्या डिस्कसाठीचं केबलचं टोक नुसतं लोंबत होतं. त्यावर धूळ बसली होती.

त्यानं ती मेलेली डिस्कसुद्धा काढली. टेबलावर ठेवली. आता डब्यात एकही डिस्क नव्हती. पुन्हा बटण दाबलं.

कटकट थांबली होती. पंख्याची घरघर तेवढी.

पहिली डिस्क : नाही.

दुसरी डिस्क : तयार.

"खोटं बोलून राह्यला," तो सवयीनं पुटपुटला.

पण कॉम्प्युटर सुरू झाला.

पडद्यावर एकच फाइल होती. तिला नाव नव्हतं. अब्रारचा हात माउसवर तसाच राहिला.

"लाव," रुपीबाई मागून म्हणाली.

आधी बांगड्यांचा आवाज आला. मग श्वास. मग एक पोरगी गाऊ लागली, रडत रडत, लांब सूर ओढत...

अब्रार आईच्या आवाजाची वाट पाहत होता. आई एक ओळ म्हणणार, मग पोरगी. पण आईचा आवाज आलाच नाही. पहिली ओळ पोरगीच म्हणाली. दुसरीही तिनंच.

रुपीबाईचे ओठ तिच्यासोबत हलत होते. मग ते थांबले.

"माहा आवाज कुठी हाये?"

"दुसऱ्या दिवशी भरलं असंल, मावशी. एकटीनं."

"नाही. ती एकटी कधीच म्हणली नाही. तिले येतच नव्हतं."

गाणं पुढे चाललं होतं. अब्रारला एकदम भान आलं. कपाटात नवी डिस्क होती. लाईट जायला वेळ होता. हा आवाज वाचवता येत होता.

"मावशी, मी हे थांबवतो. उतरवून घेतो. मंग घरी रोज ऐकजा."

तो माउस सरकवणार, तेवढ्यात रुपीबाईनं त्याचं मनगट धरलं.

"नको थांबवू."

"मंग भेटणार नाही, मावशी. हे कशावर चालून राह्यलं तेच मले माहीत नाही."

"ढावलो म्हणत निघालेल्या पोरीले मधात अडवत नाही, बापू."

शेवटची ओळ आली. आवाज अडकला नाही. हसला नाही. ओळ पूर्ण झाली.

नंतर काही वेळ नुसती खरखर.

आणि अगदी जवळून, स्पीकरमधून नव्हे, खोलीतून...

"याडी."

याडी म्हणजे आई.

रुपीबाईनं मनगट सोडलं. "जा," ती म्हणाली.

पडदा काळा झाला. ओळी पुन्हा पळाल्या. पहिली डिस्क : नाही. दुसरी डिस्क : उत्तर देत नाही. रोजच्यासारखंच.

पत्र्यापलीकडे शिलाईचं मशीन थांबलं होतं. हबीबचाचांनी हाक मारली, "अब्रार, किसकी लडकी बिदा हुई रे?"



रुपीबाई उठली. अब्रारला राहवलं नाही. "मावशी, राखी पावसाळ्यात माह्याकडं आलती. मीच तिले..."

"माहीत हाये," ती म्हणाली. "सांगतलं होतं तिनं. अब्रारभाऊ म्हणते, लक्ष देऊ नको. म्हून मीबी नाही देलं."

आवाजात राग नव्हता. तिनं मेलेली डिस्क पदरात बांधली. कॉम्प्युटर तिथेच सोडला.

अब्रारचं दुकान आता यवतमाळात आहे. हल्लीच्या मशीनवर त्या ओळी दिसत नाहीत, नुसतं कंपनीचं चित्र येतं. हा मुद्दाम ओळी दिसतील असं करून ठेवतो आणि एकेक वाचतो. गिऱ्हाईक ताटकळलं तरी.

"काय शोधतोस?" मी एकदा विचारलं.

"काही नाही. दुसरी उत्तर देत नाही असं आलं का बरं वाटते. म्हंजे तिकडं कोनी नाही."

राखीचा कॉम्प्युटर त्याच्या माळ्यावर आहे. त्याच गोधडीत. मी म्हटलं, इतकी वर्षं झाली, एकदा सुरू करून पाहू, मी सोबत बसतो.



"अन् तयार म्हणला तर?" तो म्हणाला. "जा म्हणणारी आई आता राह्यली नाही ना."