टिटवी आबांवर का ओरडली?

तीन दिवस झाले, आबा जेवेनात.

"टिटवी रोज संध्याकाळी ओरडतेय. माझं बोलावणं आलंय," म्हणून भिंतीकडे तोंड करून पडले होते. आई विनवून विनवून थकली. डॉक्टरांनी हातच जोडले. म्हणाले, "रोग एक नाही, पण असेच उपाशी राहिले तर माणूस हातचा जाईल!" आणि आज तर हद्दच झाली. आबांनी घरातल्या यंत्रमानवाला, गुंडूला, हुकूम सोडला, "पाहुण्यांना कळव, रविवारच्या आत भेटून जा."

त्यांच्या दहा वर्षांच्या नातीला, कस्तुरीला, रडू यायला हवं होतं, पण आला तो संताप. तिने गुंडूला अंगणात गाठलं.

"टिटवी ओरडली की माणूस दगावतो, हे खरं का खोटं? झटकन सांग."

"प्रथम सहसंबंध (दोन गोष्टी बरोबरीने दिसणे) आणि कार्यकारणभाव (एकीमुळे दुसरी घडणे) यांतला फरक..."

"अरे बाबा, तिथे आबा मरायला टेकलेत आणि तुझं पुराण कसलं?"

"टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते," गुंडू शांतपणे म्हणाला. "पाऊल वाजलं की अंड्यांच्या काळजीने ओरडते. पूर्वी कुणी अत्यवस्थ झालं की लोक माळ तुडवत वैद्याकडे धावायचे. ती ओरडायची. पुढे तो माणूस गेला, की खापर टिटवीवर!"

"म्हणजे आजारपण आधी, ओरडणं नंतर?"

"हो. आधी काय घडलं, ते तपासावं."

"पण आपल्याकडे कोण धावलं?"

गुंडूने तिन्ही संध्याकाळी टिपून ठेवलेले आवाज ऐकवले. खट्, खट्, काठी. फरफटणारी चप्पल. आणि मग टिटवी. ती काठी कुणाची, हे सांगायला शास्त्रज्ञ नको होता.

कस्तुरी तरातरा आत गेली. "आबा, संध्याकाळी मागच्या मुरमाकडे कशाला जाता?"

"टिटवी ओरडते का, ते बघायला," आबा म्हणाले. "पहिल्यांदा सहज गेलो होतो. मग खात्री नको करायला?"

"कर्म माझं!" तिने त्यांना हाताला धरून खिडकीशी आणलं. मुरमावर टिटवी बसली होती. कस्तुरी बाहेर जाऊन दोन पावलं पुढे सरकली. टिटवीने उडून आकांत मांडला. पोटाखालची चार ठिपकेदार अंडी दिसली. कस्तुरी मागे खिडकीशी आली, तशी टिटवी अंड्यांवर बसून गप्प.

"माझ्यावरही ओरडली. आता मीही मरणार का?"

"शुभ बोल गं, कार्टे!" आबा केवढ्याने तरी ओरडले. मग खिडकीतून वाकून टिटवीकडे बघू लागले.

"गुंडू, पिल्लं कधी निघतील?"

"अंदाजे बावीस दिवसांनी."

"शेजारचं मांजर सारखं तिकडे घुटमळतं. कुणीतरी लक्ष ठेवायला हवं."

"लांबून!" कस्तुरी खेकसली.

"लांबून, लांबून. पाहुण्यांना कळव गुंडू, बावीस दिवस मला मरायला सवड नाही. आणि सूनबाई, भाकरी टाक."