खिडकीबाहेरचा मास्तर

बारावीचा निकाल त्या वर्षी इंटरनेटवरही दिसणार होता, म्हणून मी अंबाजोगाईत राजेश्वरच्या सायबर कॅफेच्या दारात जाऊन उभी राहिले. पण आत पाऊल टाकायची हिंमत होईना. पडद्यांच्या आड सगळी पोरंच बसलेली... आमच्या मेंढपाळ वस्तीतली एकही बाई तिथे कधी गेली नव्हती.

"नंबर सांगा, मी बघून सांगतो," काउंटरवरून राजेश्वर म्हणाला.

"निकाल माझा हाय. मीच बघणार."

"मग या की आत."

"आत बाप्ये हायेत."

तो हसला. गालाला खळी पडली मेल्याच्या! "उद्या दुपारी या. समद्यांना बाहेर काढतो."

"अन् तुमी?"

"मी बी बाहेर."

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी भर उन्हात खिडकीबाहेर उभा राहून तो मला शिकवत होता. "माउस हळू धरा... ओढू नका, मेंढरू न्हाई ते!" मी पास झाले होते. मी वळून बघितलं, तर माझ्या तोंडावरूनच त्याला कळलं होतं.

त्यानं ते पडदे काढून टाकले. रोज दुपारचा एक तास बायकांचा ठरला. माझ्या अण्णांनी एकच अट घातली – त्या तासाला बाप्या माणूस आत नको. राजेश्वरनं ती हात जोडून कबूल केली. मग वस्तीतल्या रतनकाकू आल्या, नर्सिंगची जाहिरात शोधत छबुबाईची सून आली. तो बाहेरून सांगायचा, मी आत करून दाखवायची. उन्हानं त्याचा चेहरा रापला, तरी तो मला आवडायचा. खरं तर जास्तच आवडायचा.

एकदा वीज गेली. बायका घरी निघाल्या, मी मुद्दाम रेंगाळले.

"जायचं न्हाई का?" खिडकीतून आवाज आला.

"लाईट येईस्तोवर थांबते."

"सांजेपर्यंत न्हाई यायची."

"ठाऊक हाय मला."

मग गजांतून त्यानं पाण्याचा तांब्या पुढे केला. बोटाला बोट लागलं... तांब्या कुणीच सोडला नाही.

"बबिता, घरी बोलू का? जात निराळी हाय, लोक लई बोलतील – पण मी हटणार न्हाई."

मला हो म्हणायचं होतं. जीव नुसता हो, हो करत होता! पण डोळ्यांपुढे वस्ती आली. 'म्हणून कॉम्प्युटर शिकवत होता होय!' एवढं कुणी म्हटलं असतं, की बायकांचा तास दुसऱ्याच दिवशी बंद. छबुबाईच्या सुनेचा अर्ज तर अजून भरायचाच होता.

"तुमी आत आलात," मी म्हणाले, "तर ह्या समद्या बाहेर जातील."

त्याला लगेच पटलं. पटलं नसतं तर किती बरं झालं असतं, निदान भांडलो तरी असतो!

पुढच्या वर्षी लग्न करून तो लातूरला सासऱ्यांच्या दुकानात गेला. जाताना कॅफे त्यानं मला चालवायला दिला. किल्ली दिली ती अण्णांच्या देखत, खिडकीतूनच. त्या दिवशीही तो आत आला नाही.

छबुबाईची सून आता नर्स आहे. बायकांचा तास अजून चालू आहे. वस्तीचं भलं झालं, माझं तेवढं राहून गेलं.

"ताई, झळ लागते, खिडकी लावू?" नव्या पोरी दुपारी विचारतात.

"राहू दे," मी म्हणते, आणि माउस कसा धरायचा ते सांगायला लागते.