बुडीतमामांची आठवी बुडी

तीन दिवसांत राफ्टमधून चाळीस किलोमीटर नदी उतरायची, धरणाचं पाणी पार करायचं आणि रविवारी संध्याकाळी पाचच्या आत पलीकडच्या धक्क्यावर परीक्षक बाईंसमोर उभं राहायचं! एवढं जमलं की पोहणं आणि जलसुरक्षा शिकवण्याचा परवाना मिळणार होता. मावशीला तो सोमवारी सकाळी हवाच होता. तिच्या घराजवळच्या स्विमिंग पूलवर बायकांची पहिली बॅच सुरू व्हायची होती. बावीस जणींनी नावं दिली होती आणि व्यवस्थापकानं साफ सांगून टाकलं होतं, सोमवारी परवाना दिसला नाही तर बॅच रद्द.

मावशी शिवणकाम करायची. वय बेचाळीस. पाण्यात पहिलं पाऊल टाकलं ते अडतिसाव्या वर्षी, पण आता ती अशा थाटात बोलायची, जणू नदीच तिच्याकडे माप द्यायला येते. दुसरा उमेदवार होता पैलवान. खांदे दारात न मावणारे, पोहणं माशाचं आणि डोकं जरा मागाहून येणारं. राफ्टमधले तिसरे बुडीतमामा. मामांचं कामच मुळी बुडणं! तीस वर्षं ते परीक्षेला आलेल्यांसमोर बुडत होते. कधी आणि कुठं, ते आधी सांगायचं नाही. उमेदवारांनी त्यांना नियमाप्रमाणे बाहेर काढायचं आणि मामांनी अंगावरचं पाणी निथळायच्या आत गुण सांगायचे.

"खरंच काही झालं तर मी मूठ वर करीन," निघतानाच त्यांनी बजावलं होतं. "मूठ नाही, तर नाटक. उगाच घाबरून चुका करायच्या नाहीत."

पहिल्या दोन दिवसांत मामा सात वेळा बुडाले. एकदा तर तोंड धुता धुता बुडाले! आणि बुडताना केवढा तो आरडाओरडा! "मेलो गं आई! वाचवा रे!" काठावरची पाखरं उडून जायची. पैलवान दर वेळी धाडकन उडी टाकायचा आणि दर वेळी गुण घालवायचा.

"अरे, आधी दोर फेकायचा," मामा त्याला झापायचे. "उडी सगळ्यात शेवटी. नाहीतर जिथं मी एकटा जाणार, तिथं आपण जोडीनं जाऊ."

तिसऱ्या दिवशी मात्र नदीनं रंग दाखवले. सकाळी धुकं इतकं दाट, की राफ्टचं पुढचं टोक दिसेना. दोन तास तिथंच गेले. मग दोन्ही बाजूंचे कडे जवळ आले, पाणी अरुंद झालं आणि समोरून घुमणारा आवाज येऊ लागला.

"डावीकडे! जोरात मारा!" मावशी ओरडली.

उशीर झाला होता. राफ्ट खडकावर चढली. तिरकी झाली. उलटली!

गार पाण्यानं मावशीचा श्वासच कोंडला. ती पाठीवर वळली, पाय पुढं केले, खडकांना लाथा मारत वाट काढली आणि वाळूवर येऊन आदळली. तिथं पैलवान राफ्ट ओढून धापा टाकत उभाच होता. वीसेक हात पुढं एक वठलेलं झाड आडवं पडलं होतं आणि त्याच्या फांद्यांपाशी मामा गळ्यापर्यंत पाण्यात होते.

"घ्या, आठवी वेळ!" पैलवान हसला. "हौस फिटत नाही या माणसाची."

मावशी हसली नाही. काहीतरी चुकत होतं. मामा गप्प होते. तोंड धुता धुता बुडतानाही आरडाओरडा करणारा माणूस चकार शब्द काढत नव्हता! तोंड पाण्याच्या वर यायचं, श्वास ओढायचं, पुन्हा खाली जायचं. दोन्ही हात पाणी खाली दाबत होते.

"मूठ वर नाहीये मावशी."

"हात काढले तर बुडतील ते! मूठ करणार कशी? खरं आहे हे! दोर आण!"

पहिली फेक तोकडी पडली. दुसऱ्या वेळी दोर थेट मामांच्या खांद्यावर गेला, पण त्यांना तो धरता येईना. खाली पाय अडकला होता आणि मागून येणारं पाणी त्यांना पुढं वाकवत होतं. पैलवाननं जॅकेटचे पट्टे आवळले.

"मी जातो."

"तू नाही! मी वाहून गेले तर तू मला ओढशील. तू गेलास तर मी काय ओढणार, कपाळ? त्या खडकाला पाय लाव आणि दोर धर. तू खुंटा!"

पैलवान खुंटा झाला. मावशी कमरेला दोर बांधून वरच्या अंगानं पाण्यात शिरली आणि तिरकी जात मामांच्या पाठीशी पोचली. एका हातानं त्यांचं तोंड वर धरलं. मग खोल श्वास घेऊन ती खाली गेली. खाली काही दिसत नव्हतं. बोटांना फांदी लागली, मग बूट, मग फांदीत गुंतलेली नाडी. वीज गेल्यावरही सुईत दोरा ओवणारी बोटं ती! जॅकेटला अडकवलेला चाकू नाडीखाली सरकला. एक फेर तुटला. दुसरा. पाय सुटला!

"ओढ रे!"

पैलवाननं असा हिसका दिला, की दोघं एकदमच वाळूवर आली. मामा खोकले, ओकले, मग लहान मुलासारखे रडले. मावशीही रडली. पैलवान दोर सोडायचंच विसरला होता.

चार वाजले होते. मामांचा घोटा सुजून टम्म झाला होता, ओठ निळे पडले होते. वळणापलीकडं धरणाचं पाणी दिसत होतं, वाऱ्यानं फेसाळलेलं.

"चाळीस मिनिटांचं काम आहे," पैलवान म्हणाला. "मी एकटा वल्हवीन. पोचू आपण, मावशी."

मावशीच्या डोळ्यांसमोरून बावीस चेहरे सरकले. तिनं पुन्हा एकदा लाटांकडं पाहिलं, मग कुडकुडणाऱ्या मामांकडं.

"आपण दोघं पोचू. हे उलटले तर पुन्हा हाती लागायचे नाहीत. जाळ कर. ओला पाला टाक, धूर दिसू दे."

तिनं जॅकेटची शिट्टी ओठांत धरली आणि मदतीच्या खुणेप्रमाणे तीन-तीनदा फुंकत राहिली. पावणेसहाला मोटरबोट आली. परीक्षक बाईंनी आधी मामांना ब्लँकेटात गुंडाळलं, मग घड्याळ पाहिलं.

"निर्णय बरोबर होता. पण वेळ टळली. पुढच्या महिन्यात परीक्षा पुन्हा द्यावी लागेल."

"देईन की," मावशी ताठ मानेनं म्हणाली.

सोमवारी सकाळी पूलच्या काठावर बावीस जणी पिशव्या घेऊन उभ्या होत्या. व्यवस्थापक यादीवर काट मारायला पेन काढून बसला होता. मावशीनं आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "तर मी नापास झालेय. महिना लागेल. ज्यांना थांबायचं नसेल त्यांनी नावं काढून घ्या. मला राग नाही."

कुणी हललं नाही. मग मागून एक पिकल्या केसांची बाई पुढं आली. तिला तिथं कुणीच ओळखत नव्हतं. तिनं व्यवस्थापकाच्या हातून पेन काढून घेतलं आणि यादीखाली स्वतःचं नाव लिहिलं.

"तेविसावी मी," ती म्हणाली. "तुम्ही काल ज्यांना बाहेर काढलंत ना, त्यांची बायको. तीस वर्षं म्हणायचे, अगं, मी नुसतं नाटक करतो. काल रात्री घरी आले आणि माझा हात सोडीनात." तिनं मावशीचे दोन्ही हात धरले. "महिना काय, वर्ष थांबेन. पण शिकेन तर तुमच्याकडेच."

व्यवस्थापकानं पेन परत मागितलं नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटून त्यानं विचारलं, "पुढच्या महिन्यात कुठला सोमवार धरू?"