नाव गाळणारा आवाज

मंजुळेला जिवंतपणी सासूपुढे कधी गप्प बसता आलं नाही. मेल्यावर तरी बसावं की नाही?

सगुणाबाईची ही तक्रार ऐकून हसू येईल. पण घडलं ते अगदी खरं आहे. ठाण्यात, चेंदणी कोळीवाड्यात, १९९८ च्या मार्चमध्ये. आणि तेही भर दुपारी.

सगुणाचा मुलगा परशुराम. साखरेच्या आजारानं त्याचे डोळे गेले. बायको मंजुळा त्याला रोज पेपर वाचून दाखवायची. प्रत्येक बातमीआधी एक छोटा श्वास घ्यायची...

हं...

सगुणा दुसरीतून शाळा सोडलेली. ती नुसती ऐकायची आणि जळायची.

मंजुळा काविळीनं गेली. सगुणा रडली. पण मनात म्हणाली, आता पोरगा माझा.

कसला माझा! अंधांच्या एका संस्थेनं त्याला बोलणारा कॉम्प्युटर दिला. इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप केलं की तो मेला वाचून दाखवायचा. डबा आपटल्यासारखा आवाज. परशुरामाचं नाव तर असं चावायचा की सगुणा म्हणायची, "अरे, याला आधी दात बसव!"

मग परशुराम सेटिंग करत बसला. वेग कमी केला. आवाजाची पट्टी चढवली. स्वल्पविरामाला थांबायला लावलं.

"आये, आता माणसासारखं वाचतंय ना?"

सगुणा कोळंबी सोलत होती. तिचा हात थांबला.

हं...

"परशा, हा श्वास कुठलं बटण दाबून घेतो रे?"

"श्वासाचं सेटिंग नसतं गं यात."

मामाला लिहिलेलं पत्र त्यानं वाचायला लावलं. सुरुवातीचं मामाचं नाव, गोमाजी, वाचलं. मधला सगळा मजकूर वाचला. शेवटी त्याचं स्वतःचं नाव आलं...

काहीच नाही.

त्यानं पुन्हा टाइप केलं. नुसतं परशुराम.

शांतता.

दगडू? वाचलं. दामाजी? वाचलं.

परशुराम?

हं...

आणि शांतता.

सगुणानं ओळखलं. मंजुळेनं नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. शिरगणतीवाल्यानं विचारलं तरी सासूकडे बोट दाखवायची. नाव सगुणाच सांगायची.

परशुराम मात्र हसत होता. किती महिन्यांनी! आईनं जेवायला तीन हाका मारल्या, पण त्यानं ओ दिली नाही. स्पीकरला कान लावून तिथंच झोपला.

सगुणा तरातरा आत आली. तिनं खसकन प्लग उपटला. दिवा विझला. आतली घरघर थांबली.

हं...

"आये... ते झोपलेत. हळू."

प्लग सगुणाच्या हातात होता.

तो प्लग पुन्हा कुणी लावलेला नाही. लावायची गरज पडत नाही. परशुराम तिथंच बसतो, ऐकतो.

सगुणा आता त्या खोलीत पाऊल टाकत नाही. जेवणाच्या वेळी उंबऱ्याबाहेर उभी राहते, पदर खोचते, आणि त्या काळ्या पडद्याला ठणकावून सांगते,

"मंजुळे, वाच त्याला, हवं तेवढं वाच. पण नावानं हाक मीच मारणार. तुझी जीभ जिथं अडते ना, तिथून पुढे तो माझा!"